हार्पर कुटुंबाचं लंडनमधलं घर: १:२४ मापात, परसबागेसह

लघुरूप घर करायला घेतलं की बहुतेकांचा हात आधी वॉलपेपरकडे जातो. लंडनमधल्या रांगेतल्या व्हिक्टोरियन घराची सुरुवात मात्र धुराड्यांपासून करावी. फायरप्लेस कुठे, भिंत कुठे पुढे येते, फर्निचरला जागा किती उरते, छपरावर मातीची नळकांडी किती, हे सगळं धुराड्यांवरून ठरतं. मॉडेलमध्ये दिव्यांच्या वायरीही त्यांच्यातूनच खाली आणता येतात.

आता घरातली माणसं. साल १८८५, जागा उत्तर लंडनमधलं इझलिंग्टन, घर त्याच्या तीसेक वर्षं आधी बांधलेलं. मिस्टर हार्पर विमा कंपनीत हेडक्लार्क. मग मिसेस हार्पर, तीन मुलं, गुडघ्यांनी जेरीस आलेली आजी आणि सगळी कामं करणारी एकच मोलकरीण. कुटुंब काल्पनिक असलं तरी एवढं नक्की करूनच कागदावर पेन्सिल टेकवावी. आजीला जिने नकोत म्हणून तळमजल्यावरची बागेकडची खोली तिची. मोलकरीण एकच असल्यामुळे चांदीची भांडी कमी, कोळशाच्या बादल्या जास्त. मुलांची खोली सगळ्यात वर, मागे मोलकरणीची. पहिल्या मजल्यावर पुढे दिवाणखाना, मागे नवरा-बायकोची खोली. तळमजल्यावर पुढे जेवणाची खोली. अर्धवट जमिनीखालच्या तळघरात पुढे स्वयंपाकघर, मागे धुण्याभांड्यांची खोली.

माप

विंझर कॅसलमधलं राणी मेरीचं प्रसिद्ध बाहुलीघर १:१२ मापात आहे. आपल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये त्या मापाचं चार मजली घर ठेवलं तर माणसांनी कुठे बसायचं हा प्रश्न येतो. १:२४ घ्या. यात हिशेबही सोपा: खऱ्या घरातला १ इंच मॉडेलमध्ये जवळजवळ १ मिमी होतो (नेमका १.०६), १ फूट १२.७ मिमी. छोट्या वस्तूंना इंचाचा मिलिमीटर धरला तरी चालतं. भिंती, मजले आणि जिना यांना मात्र १२.७ नेच गुणायचं, नाहीतर चौथ्या मजल्यापर्यंत अडीच-तीन सेंटिमीटरची चूक साचते.

घराची रुंदी १८ फूट, म्हणजे २२९ मिमी. आतून पुढून मागपर्यंतची लांबी (पुढच्या-मागच्या दर्शनी भिंती सोडून) ३३० मिमी. मजल्यांच्या मोकळ्या उंच्या खालून वर १०२, १२७, ११४ आणि १०२ मिमी. जमिनी ६ मिमी एमडीएफच्या (दाबलेल्या लाकूडतंतूंच्या फळीच्या), सगळ्यात वरचं छत धरून पाच. रुंदीतून दोन्ही बाजूच्या ६-६ मिमी भिंती गेल्या की २१७ उरतात: ६६ मिमी जिन्याचा बोळ, ३ मिमी आडभिंत, १४८ मिमी खोल्या. बोळ एका बाजूला, फायरप्लेस समोरच्या बाजूच्या भिंतीवर. रांगेतल्या घराच्या या दोन्ही बाजूच्या भिंती शेजाऱ्याशी सामाईक असतात, त्यामुळे त्यांत खिडकी चुकूनही ठेवायची नाही. घर उघडायचं ते पुढून आणि मागून: दोन्ही दर्शनी भिंती बिजागरीवर.

एक गोष्ट आधीच लक्षात घेतली नाही तर शेवटी रडू येतं. मागची भिंत दारासारखी उघडायची तर तिच्यासमोर बाग चिकटवलेली चालणार नाही. बागेच्या भिंतीच आड येतात. म्हणून तीन स्वतंत्र तुकडे करा: पुढचा ट्रे (१६६ मिमी), घर (३४२ मिमी), मागचा बागेचा ट्रे (३८१ मिमी). सगळं मिळून ८८९, म्हणजे ९०० × ३०० मिमीच्या फळीवर बसतं. ट्रे पुढे ओढले की भिंती मोकळ्या.

कापणी

६ मिमी एमडीएफचा ४ × ४ फुटी तुकडा पुरतो. आडभिंतींसाठी ३ मिमीचा २ × २ फुटी. बाजूच्या भिंती ३३० × ५४५, दर्शनी भिंती २२९ × ५३०, जमिनी ३३० × २१७. सुताराकडे मोठ्या करवतीवर कापून घेतल्यास कडा सरळ मिळतात. खिडक्यांची भोकं मात्र लेझर कटिंगवाल्याकडून करून घ्यावीत. लेझरने ६ मिमीच्या कडा काळ्या होतात, तो काळा थर पॉलिश पेपरने काढल्याशिवाय फेविकॉल नीट धरत नाही.

चिकटवण्याआधी प्रत्येक कड पातळ फेविकॉलने (१ भाग फेविकॉल, १ भाग पाणी) बंद करा. एमडीएफच्या कडा पाणी पितात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हीच कड फुगते आणि ऑगस्टमध्ये दर्शनी भिंत लागेनाशी होते. दुसरा नियम याहून महत्त्वाचा: पातळ फळीच्या एकाच बाजूला पुट्टी किंवा रंग लावला की ती त्या बाजूला वाकते. बाहेर विटा करणार असाल तर त्याच दिवशी आतल्या बाजूलाही प्रायमरचा हात द्यावा.

सांगाडा आधी कोरडा, कागदी टेप लावून उभा करून पाहा. गुण्या लावून प्रत्येक कोपरा तपासा. १ मिमीचा फरकही बिजागरीची भिंत लावताना दिसतो.

धुराडी

प्रत्येक खोलीच्या बाजूच्या भिंतीला मधोमध ६४ मिमी रुंद आणि १५ मिमी पुढे आलेला पोकळ खोका, तळघरापासून छपरापर्यंत एका ओळंब्यात. असे दोन: एक पुढच्या खोल्यांच्या भिंतीवर, एक मागच्या. जमिनींना त्या जागी खाच हवी, म्हणजे खोका आतून सलग पोकळ राहतो. ३ मिमी एमडीएफ किंवा जाड पुठ्ठा पुरतो. पण प्रत्येक मजल्यावर समोरचा तुकडा निघता ठेवा, दोन लहान चुंबकांवर. दिवा गेला तर हात घालायला तीच एक जागा.

खऱ्या घरात प्रत्येक फायरप्लेसचा धूर वेगळ्या नळीतून वर जातो आणि प्रत्येक नळीच्या टोकाला मातीचं एक नळकांडं असतं. आपल्याकडे पुढे चार मजल्यांवर चार चुली. मागेही चार, कारण तळघरात कपडे उकळण्याच्या तांब्याच्या हंड्याखालीही जाळ असतो. म्हणजे छपरावर चार-चारच्या दोन ओळी, एकूण आठ. बाजारातल्या तयार मॉडेलांत चार खोल्यांना दोन नळकांडी दिसतात, तेव्हा दोन खोल्यांचा धूर जातो कुठे हे बनवणाऱ्यालाच ठाऊक. छपरावरचा विटांचा चौथरा ६२ × १९ मिमी, भिंतीच्या माथ्यावर ४५ मिमी उंच. नळकांडी १० मिमी जाड गोल लाकडी दांडीची, ३२ मिमी उंच. वरची कड एम-सीलची पातळ वळी करून फुगवायची, तोंडात ड्रिलने ४ मिमी खोल भोक पाडून काळं करायचं. रंग फिकट पिवळसर मातीचा किंवा विटकरी, वर काजळी.

वायरी याच खोक्यांतून खाली. ३ मिमीचे वॉर्म व्हाइट एलईडी घ्या. पांढराशुभ्र प्रकाश इथे अगदी विसंगत दिसतो. त्या काळची गॅसची उघडी ज्योत पिवळीच असे. प्रत्येक एलईडीला स्वतःचा ४७० ओहमचा रेझिस्टर आणि सगळे समांतर जोडून ५ व्होल्टच्या मोबाइल चार्जरवर. एकाला साधारण ४ मिलीअँपिअर लागतात. एकाच रेझिस्टरवर सगळे जोडले तर काही प्रखर, काही मंद लागतात. पॉवर बँक वापरू नका. इतका कमी करंट दिसला की बऱ्याच पॉवर बँक आपोआप बंद होतात. वायर म्हणून मोटर रिवाइंडिंगची ०.२ मिमी तांब्याची तार. टोकांवरचा इनॅमल पॉलिश पेपरने खरवडल्याशिवाय डाख बसत नाही. गॅसचे दिवे बोळात, जेवणाच्या खोलीत आणि दिवाणखान्यात. तळघरात तेलाचा दिवा. वरच्या खोल्यांत मेणबत्त्या, म्हणजे एलईडी नाहीच. मोलकरणीच्या खोलीत झुंबर टांगलं तर सगळं खोटं वाटतं. जाळासाठी नारिंगी एलईडी, १ किलोओहमसह, वर काळ्या रंगात बुडवलेले कोळशाचे चुरे.

जिना

तळमजल्यावरून पहिल्या मजल्याला चढ १३३ मिमी. १८ चढ (पायरीच्या उभ्या बाजू), प्रत्येकी ७.४ मिमी, १७ पायऱ्या, प्रत्येकी १०.६ मिमी. लांबी १८० मिमी. रुंदी ३६, शेजारी ३० मिमीची वाट. समोरच्या दारापासून ६० मिमी आत सुरुवात. वरच्या जमिनीत कापायची जागा १३० × ३८ मिमी. यापेक्षा लहान कापली तर चढणाऱ्याचं डोकं आपटतं. जाड पुठ्ठ्याचा ७० मिमी उंच माणूस कापून ठेवा आणि त्याला प्रत्येक पायरीवर, प्रत्येक दारात उभा करून पाहा. कागदावरच्या आकड्यांत न दिसलेल्या चुका हा पुठ्ठ्याचा माणूस लगेच दाखवतो. तळघराचा जिना (१५ चढ, प्रत्येकी ७.२ मिमी) याच जिन्याच्या पोटाखाली, बोळाच्या मागच्या टोकाला दार ठेवून.

आतल्या भिंती

कागद चिकटवायचा तो आडभिंती बसवण्याआधी, सगळं सपाट असताना. तळाची लाकडी पट्टी १० मिमी, खुर्चीच्या पाठीच्या उंचीची पट्टी ३८ वर, चित्रं टांगण्याची पट्टी ८९ वर. खालच्या पट्ट्यात गडद तपकिरी, उठावदार नक्षीचा कागद. असं उठावाचं लिंक्रस्टा १८७७ पासून मिळू लागलं होतं, तेव्हा १८८५ मध्ये बोळात ते शोभतं. मधल्या भागात पानाफुलांचा कागद. इंग्लंडमधला वॉलपेपर २१ इंच रुंद असे, म्हणजे मॉडेलमध्ये २२ मिमीला एक जोड यायला हवी. नक्षीही त्याच मापात छोटी करा. घरच्या इंकजेटची छपाई फेविकॉलच्या ओलाव्याने पसरते. झेरॉक्सच्या दुकानातून लेझर प्रिंट घ्यावी.

बोळातल्या फरशीसाठी नमुना हवा असेल तर लंडनला जायची गरज नाही. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात त्याच काळातल्या मिंटन या इंग्रज कंपनीच्या फरश्या आहेत. वरून सरळ फोटो काढून ६ इंची फरशी ६.३ मिमी होईल इतका छोटा करायचा, छापायचा, आणि पाण्यावर आधारित व्हार्निशचे दोन हात.

दर्शनी भिंत

त्या काळच्या अशा घरांत तळघर आणि तळमजला गिलाव्याचा गुळगुळीत, वर पिवळट लंडन वीट. याचा आपल्याला फायदाच, कारण विटा फक्त २४७ मिमीच्या वर काढायच्या आहेत.

फळीला प्रायमर. वॉल पुट्टी ४ भाग, फेविकॉल १ भाग, दाट होईल इतकंच पाणी. थर १ मिमी, त्याहून जाड नाही. जाड थर तडकतो, आणि तडे नेमके खिडकीच्या कोपऱ्यातून निघतात. नखाने दाबल्यावर ठसा उमटतो पण पुट्टी नखाला लागत नाही, अशी वेळ साधून रेघा ओढायच्या. फार ओली असेल तर कड उचलली जाते, सुकली तर चुरा पडतो. एका वेळी हातभर भिंतच लिंपावी.

विटेचा थर ३ इंच, ३.१७५ मिमी. एकेक थर मोजत वर गेलात तर वर पोचेपर्यंत अर्धी वीट हरवते. म्हणून आधी दर १२.७ मिमीवर खूण आणि मग प्रत्येकाचे चार भाग. ८९ थर होतात. रचना एक वीट लांबीने (९.५ मिमी), एक तोंडाने (४.७५ मिमी), पुन्हा लांबीने, पुढच्या थरात तोंडाची वीट लांबीच्या विटेच्या बरोबर मध्यावर. आपल्याकडच्या अर्ध्या विटेच्या भिंतीत सगळ्या विटा लांबीने दिसतात, ती रचना इथे काढली तर जाणकार पहिल्या नजरेत ओळखतो. रंग आधी विटांमधल्या दर्जांचा (सांध्यांचा), फिकट करडा, सगळ्या भिंतीवर. मग जवळजवळ कोरड्या स्पंजने पिवळी माती आणि थोडा तपकिरी रंग फक्त विटांच्या माथ्यावर. शंभरात दहा-पंधरा विटा वेगळ्या छटेच्या. शेवटी पातळ काळं पाणी: खिडक्यांच्या उंबऱ्यांखाली जास्त, कारण हे कोळशाच्या धुरातलं शहर आहे.

खिडक्या वर-खाली सरकणाऱ्या. तळमजल्यावर आणि पहिल्या मजल्यावर ४४ × ८० मिमी, सगळ्यात वर ४० × ५७. १७०९ च्या कायद्यापासून लंडनमध्ये खिडकीची लाकडी चौकट विटेच्या पृष्ठभागापासून ४ इंच आत बसवावी लागे. १७७४ च्या कायद्याने ती विटेआड लपवावी लागली. कारण आग. त्यामुळे चौकट फळीच्या आतल्या बाजूने चिकटवा, बाहेरून ती आपोआप आत गेलेली दिसते. भिंतीच्या पातळीत बसवलेली खिडकी हेच अशा मॉडेलांचं सगळ्यात मोठं व्यंग.

प्रत्येक खिडकीला दोन झडपा, ३०० जीएसएम कार्डाच्या, मधे पारदर्शक प्लास्टिकची ओएचपी शीट. वरची झडप बाहेरच्या पातळीत, खालची आतल्या. उलटं बसवलं तर पावसाचं पाणी घरात. उभ्या पट्ट्या २ मिमी, तळाची पट्टी ४, दोन्ही झडपा मिळतात तिथे १.५, मधली काच-पट्टी १. प्रत्येक झडपेत दोनच काचा. काचेवरची अबकारी १८४५ मध्ये आणि खिडक्यांवरचा कर १८५१ मध्ये गेला, त्यानंतर मोठ्या काचा परवडू लागल्या. छोट्या चौकोनांची सहा-सहा काचांची खिडकी जुन्या घराची. काच जड झाली म्हणून वरच्या झडपेच्या खालच्या टोकांना छोटी शिंगं ठेवत, ती १.५ मिमीची जरूर काढा. ओएचपी शीटला झटपट चिकटणारा गोंद लावू नका, त्याच्या वाफेने काच पांढरी पडते. टूथपिकच्या टोकावर फेविकॉल पुरतो. रंग दुधी किंवा गडद तपकिरी, शुभ्र पांढरा नको.

दार गडद हिरवं, मुठ मधोमध. १८४० मध्ये एका पेनीचं टपाल सुरू झाल्यावर दारात पत्रांची फट आली. ती पितळी रंगाची, ७ × २ मिमी.

छप्पर आणि पुढचा ट्रे

रस्त्यावरून छप्पर दिसतच नाही. दर्शनी भिंत वर चढून कठड्यासारखी उभी, तिच्यामागे दोन उतार मधल्या पन्हळीकडे. ३३० × १२० मिमीच्या दोन फळ्या, साधारण २५ अंश, बाजूच्या भिंतींकडून मध्याकडे उतरत्या. मागून पाहिलं की इंग्रजी व्ही दिसतो, मागची भिंतही त्याच आकारात कापायची. वर पाटीच्या दगडाची कौलं: करड्या कार्डाच्या पट्ट्या, प्रत्येक १०.६ मिमीवर चीर, दिसणारा भाग ९ मिमी, पुढची ओळ अर्ध्याने सरकवून. पाणी मागे उतरतं ते बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलच्या पाइपातून. छप्पर चिकटवू नका, उचलता ठेवा.

पुढच्या ट्रेमध्ये ५० मिमी थर्माकोल आणि वर ६ मिमी एमडीएफ, म्हणजे रस्ता ५६ मिमी उंचीवर. तळमजल्याची जमीन ११४ वर. मधले ५८ मिमी आठ चढांत, प्रत्येकी ७.२५, पायरी ११.५ रुंद. थर्माकोलला स्प्रे पेंट किंवा रबरी गोंद लागला की तो विरघळतो. फेविकॉल आणि ॲक्रिलिक रंगच. घरालगत ५१ मिमी रुंदीचा खड्डा तळघराच्या खिडकीला उजेड देतो, पायऱ्या त्याच्यावरून जातात. पायऱ्यांच्या तोंडाशी पदपथावर कोळसा ओतायच्या भोकाचं लोखंडी झाकण: १३ मिमीचं चपटं बटण, काळ्या रंगात. पोतं इथे रिकामं होई, घरात काळे पाय येत नसत.

कठड्यासाठी २० गेजची बांधणीची तार. एक टोक पकडीत, दुसरं ड्रिलच्या चकमध्ये धरून थोडी ओढत फिरवली की सरळ होते. ५१ मिमीचे तुकडे, ५.३ मिमीच्या अंतरावर, टोकाला नेलपेंटचा थेंब.

बाग

२२९ × ३८१ मिमी, तिन्ही बाजूंना ७६ मिमी उंच विटांची भिंत. धुण्याच्या खोलीचं दार फरसबंद खड्ड्यात उघडतं, तिथून पायऱ्या चढून बागेत. मधे १२७ × १७८ मिमी हिरवळ, भोवती वाट, भिंतीलगत वाफे, शेवटी डाव्या कोपऱ्यात विटांचा संडास आणि कोळशाची खोली.

लंडनच्या काजळीत नाजूक झाडं टिकत नसत. टिकायची ती प्रिव्हेट, ठिपक्यांच्या पानांचं ऑक्युबा, आयव्ही. सावलीच्या भिंतीशी नेचे, कारण नेच्यांचं त्या पिढीला वेड होतं. आजीच्या खिडकीत काचेची बंद पेटी आणि आत नेचे ठेवा: नथॅनिएल वॉर्ड या लंडनच्याच डॉक्टरने १८२९ च्या सुमारास ती कल्पना काढली आणि पुढे अशाच पेट्यांतून चीनमधली चहाची रोपं हिंदुस्थानात आली. ओएचपी शीटची ३० × १५ × २५ मिमीची पेटी पुरे.

हिरवळीसाठी लाकडाचा भुसा चहाच्या गाळणीतून चाळा. दोन हिरवे आणि थोडा पिवळा, तीन वेगवेगळ्या भांड्यांत रंगवून पूर्ण वाळल्यावर मिसळा. आधी मिसळले तर एकच सपाट हिरवा होतो. फेविकॉलवर दाबायचा, दुसऱ्या दिवशी उरलेला झटकायचा. वाटेला चाळलेली बारीक वाळू आणि जाडसर रांगोळी समप्रमाणात, त्यात चिमूटभर गेरू. नेच्याचं पान २५ मिमी: रंगवलेला कागद मधे दुमडून तिरक्या चिरा, मग उलगडून बोटाने वाकवायचा. एका रोपाला सात-आठ पानं. आयव्हीला हिरवा दोरा भिंतीवर वरच्या दिशेने फाटे फोडत चिकटवा आणि पंचने पाडलेल्या कागदी टिकल्या चिमटीने दुमडून लावा. वाफ्यात लाल जिरेनियम, पिवळी कॅल्सिओलॅरिया, निळी लोबेलिया ओळीने, जवळजवळ भडक. त्या काळी तशीच आवड होती. फुलांना रंगवलेल्या स्पंजचे कण चालतात. वाळलेल्या खऱ्या पानांचा मोह टाळा, पावसाळ्यात त्यांना बुरशी येते आणि पाठोपाठ मुंग्या.

कपड्यांची दोरी हिरवळीवरून तिरकी. जुन्या मलमलचे तुकडे एकास तीन पाण्यातल्या फेविकॉलमध्ये बुडवून, दोरीवर टाकून, खालून वजन न लावता वाळवायचे. ओले असतानाच बोटाने घड्या पाडल्या तर कापड लोंबतं, नाहीतर पाटीसारखं ताठ राहतं. हिरवळीच्या कडेला दंडगोल पात्यांचं ढकलायचं यंत्र ठेवता येईल. एडविन बडिंगचं पेटंट १८३० चं आहे, त्यामुळे १८८५ मध्ये ते हार्परांकडे असायला हरकत नाही.

तिन्ही तुकडे जुळवताना ट्रे आणि घर यांच्यात १ मिमी मोकळीक ठेवा. पावसाळ्यात फळी फुगते तेव्हा ती जागा लागते. धूळ मेकअपच्या मऊ ब्रशने, वरून खाली झटकायची; बागेवर व्हॅक्युम क्लीनर फिरवला तर नेचे आधी जातात.